पाहुणं कुत्रं : कायमचं घर मिळेपर्यंतचा सांभाळ



आपल्याकडे बकरी बटईने ठेवायची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. बकरी एकीची, चारा-पाणी करणारी दुसरी, आणि पिल्लं झाली की वाटणी. आज मी ज्या सांभाळाबद्दल बोलणार आहे, त्यात वाटणीला काहीच येत नाही. रस्त्यावर जखमी सापडलेलं, आई गाडीखाली गेलेलं, नाहीतर कुणी गाडीतून आणून सोडून दिलेलं कुत्रं काही आठवडे आपल्या अंगणात ठेवायचं. त्याला बरं करायचं, माणसांत राहायची सवय लावायची आणि कायमचं घर मिळालं की त्या घरी पोचवून यायचं. नागपुरात प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी याला ‘फॉस्टर’ म्हणतात. दत्तक घेणं वेगळं आणि हे वेगळं. दत्तक म्हणजे कुत्र्याचं सगळं आयुष्य, दहा-बारा वर्षं. फॉस्टर म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिचं सगळं करायचं, पण ती जाणार आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

याची गरज का पडते? प्राण्यांचे निवारे भरलेले असतात हे एक कारण. दुसरं कारण जास्त मोठं आहे. पन्नास कुत्र्यांच्या गर्दीत दोन महिन्यांचं पिल्लू ठेवलं, तर त्याला आजार लागायला वेळ लागत नाही. तेच पिल्लू एखाद्या घरात एकटं राहिलं तर जगतं. शिवाय गर्दीत वाढलेलं कुत्रं भांड्याच्या आवाजाला, झाडूला, लहान मुलांना घाबरतं. घरात राहिलेलं चार दिवसांत शिकतं की झाडू मारायला नसतो, अंगण झाडायला असतो. मग त्याला घर मिळणंही सोपं जातं. शहरात फ्लॅट लहान असतात, घरमालक नाही म्हणतात. आपल्याकडे अंगण आहे, गोठ्याचा एक कोपरा आहे. शहराबाहेरच्या रस्त्यांवर रात्री पिल्लांची खोकी कोण ठेवून जातं तेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा हा विषय आपला नाही असं म्हणता येत नाही.

नागपूरचं नाव या विषयात एकदा देशभर गाजलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी एक आदेश दिला. भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालू नका, ज्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत, महापालिकेत नोंदवावीत आणि आपल्या घरी न्यावीत, असा त्याचा आशय होता. मोडलं तर दोनशे रुपये दंड. महिनाभराच्या आतच, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाऊ घालणाऱ्याने दत्तक घेतलंच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं : खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागी. आणि ज्याला दत्तक घ्यायचं आहे त्याने स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, पण एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची.

ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. दयेपोटी कुत्रं उचलायचं आणि दया संपली की चौकात सोडायचं, असं करता येत नाही. फॉस्टरचं काम या दोन्हींच्या मधलं आहे. दत्तक घ्यायची ऐपत नाही, पण कुत्रं रस्त्यावरही सोडवत नाही, अशा बाईला ही मधली वाट आहे. तिलाही शिस्त लागतेच.

पहिली शिस्त म्हणजे दिसलं ते कुत्रं उचलायचं नाही. कानाच्या टोकाला कात्री लावल्यासारखी खूण असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. तब्येतीने ते धड असेल, तर गल्ली हेच त्याचं घर. त्याला तिथून उचललं तर त्या जागी दुसरं कुत्रं येतं, नसबंदी न झालेलं. पिल्लांजवळ आई असेल तर पिल्लांनाही हात लावू नका. बऱ्याचदा आई खायला शोधायला गेलेली असते आणि आपण पिल्लं ‘वाचवून’ घरी आणतो. दोन महिन्यांची होईपर्यंत आईइतकं चांगलं कुणीच वाढवू शकत नाही. त्यापेक्षा त्या आईला रोज वाटीभर खिचडी घाला. सांभाळायची गरज असते ती अनाथ पिल्लांना, अपघातात सापडलेल्यांना, ऑपरेशन झालेल्यांना आणि हौसेने आणून मग सोडून दिलेल्या लॅब्राडोर, पॉमेरियन अशा घरगुती कुत्र्यांना. त्यांना तर रस्ता ओलांडायचाही माहीत नसतो.

कुत्रं घरात आलं की खाऊ घालायची घाई नको. पहिलं काम जनावरांचा डॉक्टर. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेही प्राण्यांवर उपचार होतात. १९६२ हा जनावरांसाठीचा सरकारी फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण विचारायला काय जातं?

आता रेबीज. याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण याच भीतीने घरची माणसं नाही म्हणतात आणि त्यांची भीती खोटी नाही. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर औषध नाही. माणूस जातोच. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं याने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे. पण हाच आजार लसीने पूर्ण टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि मुलगा वाचला. आज तीच गोष्ट आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

कुत्रं चावलं, नखाने ओरखडलं, किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ती फार वाटतात, पण जखमेतले विषाणू धुऊन काढण्याचा हाच उपाय. चुना, हळद, तिखट, तेल, काहीही लावायचं नाही. उतारा करायला, झाडपाल्याचं औषध घ्यायला कुणाकडे जायचं नाही. थेट दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस सहसा चारदा घ्यावी लागते : पहिल्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात, हे खरं. पण ‘दहा दिवस बघू, मग सुई घेऊ’ असं करायचं नाही. सुई आधी सुरू होते. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला विचारत राहा, कारण ओरडा बसेल म्हणून मुलं ओरखडा लपवतात.

ज्या बाईला हे काम वारंवार करायचं आहे, तिने आधीच प्रतिबंधाची लस घेऊन ठेवावी. डॉक्टर ती देतात. मग पुढे चावलं तर डोस कमी लागतात. रेबीज झालेल्या कुत्र्याचं वागणं बदलतं. गरीब असेल ते चवताळतं, चपळ असेल ते कोपऱ्यात अंधारात बसतं. आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. असं कुत्रं उचलायला जाऊ नका. घशात हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. पोरांना लांब ठेवा आणि ग्रामपंचायतीला, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रेबीजचं भय माणसाला, तर पार्वोचं पिल्लाला. पिल्लू सुस्त झालं, खाणं सोडलं, उलट्या आणि रक्ताची घाण वासाची हगवण लागली, की त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकलं तर बहुतेक पिल्लू हाती लागत नाही. सलाइन लागतं. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, म्हणून अशा पिल्लाच्या जागी लगेच दुसरं पिल्लू आणायचं नाही. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायची, गोणपाट जाळून टाकायचं. तो माणसाला किंवा बकरीला होत नाही, ती काळजी सोडा. पण घरात आधीचं कुत्रं असेल, तर नवीन पाहुणा पंधरा दिवस वेगळा. भांडीसुद्धा वेगळी. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपरची एकत्र लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, दरवर्षी.

जंताचं औषध तर आलं की लगेच. यात आपल्या घरांसाठी एक खास सांगणं आहे. बकरं कापलं की कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायची आपली सवय. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत होतो. त्याची अंडी विष्ठेतून, केसांतून मुलांच्या हाताला लागतात आणि माणसाच्या काळजात तशीच गाठ वाढू शकते. ऑपरेशन करावं लागतं. म्हणून आतडी-कोथळा उकडूनच द्या, आणि कुत्र्याला हात लावला की जेवायच्या आधी साबण. मुलांनीही आणि मोठ्यांनीही.

खाण्याचं फार अवघड करू नका. नुसत्या दूध-पोळीवर पिल्लू फुगतं पण वाढत नाही. भात किंवा भाकर, त्यात उकडलेलं अंडं, कोंबडीवाल्याकडे स्वस्तात मिळणारे पाय आणि मानेचे तुकडे शिजवून, हाडं काढून. शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतड्यात टोचतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधतात, म्हणून रस्सा नको. लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मोठ्याला दोनदा. डोळे न उघडलेली पिल्लं हे वेगळंच काम आहे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कोमट दूध. तेही पिल्लू पालथं धरून, उताणं कधीच नाही, नाहीतर दूध छातीत जातं. दूध पाजल्यावर ओल्या कापसाने खालून पुसलं तरच ते शी-शू करतं. आई जिभेने जे करते ते आपण कापसाने करायचं. कोणतं दूध द्यायचं ते डॉक्टरला विचारा. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली गोळी, क्रोसिन असो की ब्रुफेन, कुत्र्याला कधी देऊ नका. माणसाच्या गोळीने कुत्री मरतात.

आपल्या भागात ऊन हाही एक आजारच आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जिभेनेच थंड होतं. टिनाच्या शेडखाली बांधलेलं कुत्रं दुपारी तीन वाजता भट्टीत असतं. कडुलिंबाची सावली, मातीच्या पसरट भांड्यात पाणी, ओलं गोणपाट. जोरजोरात धापा टाकत, लडखडत असेल तर साध्या पाण्याने पोट आणि पाय भिजवा आणि डॉक्टरकडे न्या. बर्फ नको.

आता घरचा कुत्रा परवडेल पण घरची माणसं कशी समजवावी, असं तुम्ही मनात म्हणत असाल. आमच्या घरी पहिलं पिल्लू आणलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “काहून वं, आता हे काय नवं घेऊन आली?” मी वाद घातला नाही. तीन गोष्टी सांगितल्या : किती दिवस, खर्च कोणाचा, आणि घाण कोण काढणार. तुम्हीही पिल्लू घेण्याआधी ज्याने ते उचललं त्याच्याशी हेच ठरवून घ्या. लस, औषध, ऑपरेशनचा खर्च त्यांचा, भाकर आपली, असं बहुतेकदा जमतं. कागदावर लिहून घ्या. बचत गटात आपण शंभर रुपयांचीही नोंद ठेवतो, मग इथे तोंडी कशाला?

त्या पहिल्या पिल्लाची एक गोष्ट सांगते. ती चौघांतली शेवटची. उमरेड रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या पाइपात चार पिल्लं होती. तीन नर होते, ते दोन दिवसांत लोक घेऊन गेले. ही उरली, कारण ही मादी. “मादी नको, पिल्लं देत बसते.” हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की एकदा चिडून विचारलं, “हे कुठं ऐकल्यासारखं वाटते का हो?” मैत्रिणींनो, राखण नर-मादी दोघंही सारखीच करतात. पिल्लांची भीती असेल तर नसबंदी आहे ना! साधारण सहा महिन्यांनंतर डॉक्टर ऑपरेशन करतात. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, म्हणजे एका कुत्रीचं ऑपरेशन किती पिल्लांचं रस्त्यावर मरणं वाचवतं ते तुम्हीच मोजा. आम्ही तिच्या फोटोखाली लिहिलं, ‘लस झाली, नसबंदीचा खर्च आमचा’. मग कळमेश्वरकडच्या एका संत्र्याच्या बागेवाल्याच्या घरून विचारणा आली.

विचारणा आली म्हणून लगेच देऊन टाकायचं नाही. लेकीला स्थळ आलं तर आपण काय करतो? घर बघून येतो. इथेही तेच. आधी विचारा : घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? घरातल्या सगळ्यांना हवं आहे, की एकट्या पोराचा हट्ट? लग्नाकार्याला गेलात तर कोण बघणार? आधी कुत्रं होतं का, आणि त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. “पळून गेलं,” “कुणीतरी नेलं,” असं दोन-तीनदा झालेलं असेल, तर तिथे देऊ नका. बागेत दिवसरात्र साखळीला बांधून ठेवायचं असेल तरीही नको. पेंच किंवा कऱ्हांडल्याच्या जंगलालगतचं घर असेल, तर रात्री कुत्रं आत घेणार का हे विचारा, कारण बिबट्याला बांधलेलं कुत्रं आयतं मिळतं. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आणि दिवाळीच्या तोंडावर, किंवा शहरातलं घर असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या गर्दीगोंगाटात, नवीन घरी नेऊ नका. आवाजाला घाबरून पळालेलं कुत्रं अनोळखी गावात घराची वाट शोधू शकत नाही.

मग एक कागद करायचा. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची झेरॉक्स, लस आणि नसबंदीची तारीख. आणि एक ओळ ठळक अक्षरात : ठेवणं जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत आणायचं, सोडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही.

जाताना त्याचं रोजचं गोणपाट किंवा जुनं लुगडं सोबत द्या, त्यावरच्या वासाने पहिल्या रात्री धीर येतो. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा. नव्या घरच्यांना सांगा की पहिले तीन दिवस ते खाणार नाही, लपेल, दार उघडं दिसलं की पळेल. घरात रुळायला तीनेक आठवडे लागतात आणि हे आपलंच घर असं वाटायला तीन महिने. आपण तिसऱ्या दिवशी, पंधरवड्याने आणि महिन्याने फोन करायचा, जमलं तर एकदा जाऊन यायचं.

आपल्या घरात त्या दिवशी कोणी नीट जेवत नाही. आमच्या पोट्ट्यांनी तर माझ्याशी बोलणं सोडलं होतं. मुलांना आधीपासून सांगत राहायचं की हे पाहुणं आहे. आणि सासूबाई, ज्या पहिल्या दिवशी रागावल्या होत्या, त्यांनीच जाताना तिच्यासाठी दशम्या बांधून दिल्या. काही जणींना देववत नाही आणि त्या कुत्रं ठेवूनच घेतात. त्यात वाईट काही नाही, पण मग आपला कोपरा भरला. पुढचं पाइपातलं पिल्लू कुठे जाणार, हे मनाशी बोलून मगच ठरवा.

आणि घरच मिळालं नाही तर? असंही होतं, विशेषतः म्हाताऱ्या, आंधळ्या, तीन पायांच्या कुत्र्यांचं. मोठं, धडधाकट, गल्लीतच वाढलेलं कुत्रं असेल, तर लस आणि नसबंदी करून जिथून आणलं त्याच गल्लीत, तिथे भाकर घालणाऱ्या माणसाला सांगून, सोडता येतं. पण पिल्लूपणापासून घरात वाढलेल्याला रस्त्यावर सोडणं म्हणजे त्याला मारणंच. त्याला सांभाळायला आपल्या गटातल्या दुसऱ्या बाईने घ्यावं, महिना-महिना पाळी लावावी. दोन गावांच्या गटांनी मिळून अशी पाळी लावली, तर एकीवर भार पडत नाही. आणि मागे दिलेलं कुत्रं कुणी परत घेऊन आलं, तर दारात भांडू नका. कागदावर आपणच तसं लिहिलं आहे. पाणी ठेवा, कुत्रं आत घ्या, आणि त्या माणसाला चहा पाजून काय बिनसलं ते विचारा, पुढचं घर बघताना ते कामी येतं.